आरोग्य आणि पर्यावरण : एक सवय, दुहेरी लाभ



पर्यावरणाचा विषय निघाला की आपल्या मनात बहुधा दूरच्या गोष्टी येतात : ध्रुवप्रदेशातील वितळणारा बर्फ, ॲमेझॉनचे अरण्य, बुडू पाहणारी बेटे. आरोग्याचा विषय निघाला की डॉक्टर, तपासण्या आणि औषधांची बिले आठवतात. हे दोन विषय आपण दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवून दिले आहेत. प्रत्यक्षात मात्र श्वासातील हवा, घागरीतील पाणी आणि ताटातील अन्न या तीन वाटांनी आपला परिसर दररोज आपल्या शरीरात प्रवेश करीत असतो. म्हणूनच ज्या सवयीमुळे परिसर बिघडतो, तिची पहिली झळ बहुधा त्याच घराला लागते. आणि ज्या सवयीमुळे परिसर सुधारतो, तिचा पहिला लाभही त्याच घराला मिळतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीविषयीच्या जबाबदारीचे विवेचन करताना घरगुती सवयींचीही दखल घेतली आहे. कचरा वेगळा करणे, खाल्ले जाईल तेवढेच शिजवणे, पाणी जपून वापरणे, अनावश्यक दिवे मालवणे अशा साध्या कृतींचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला आहे. आपल्या वसई परिसरातील घरे व वाड्या डोळ्यांसमोर ठेवून अशा चार सवयींचा येथे विचार करू.

१. अंगणातील आग

सकाळ-संध्याकाळ अंगण झाडून पालापाचोळ्याचा ढीग करावा आणि त्याला काडी लावावी, ही आपल्याकडील जुनी रीत. पूर्वी त्या ढिगात फक्त पाने असत. आज त्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, तुटलेल्या चपला, वायरींचे तुकडे असे सारे काही असते. अंघोळीचे पाणी तापवण्याच्या चुलीतही पेटवण म्हणून प्लास्टिकची पिशवी सर्रास वापरली जाते.

या धुरात दोन प्रकारचे धोके असतात. पहिला अतिसूक्ष्म कणांचा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेले हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या तळापर्यंत आणि तेथून रक्तात पोहोचतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. नुसती पाने जाळली तरी हे कण निर्माण होतात. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होऊन स्थिर राहते, त्यामुळे हा धूर वर न जाता घरांच्या आसपासच घुटमळतो. नेमक्या त्याच वेळी मुले अंगणात खेळत असतात आणि वृद्ध मंडळी ओटीवर बसलेली असतात.

दुसरा धोका डायॉक्सिन या विषारी द्रव्यांचा. क्लोरीन असलेले प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसीच्या वस्तू, कमी तापमानावर जळल्या की ही द्रव्ये तयार होतात. ती राखेबरोबर माती व गवतावर बसतात आणि जनावरांच्या चरबीत साठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग अन्नातून, मुख्यतः मांस, दूध, मासे यांतून येतो. आणि एकदा शरीरात शिरल्यावर त्याचे प्रमाण निम्मे होण्यास ७ ते ११ वर्षे लागतात. दारातील आगीची राख जेथे पडते तेथेच घरच्या कोंबड्या चरत असतील, तर त्यांच्या अंड्यांतून ते विष आपल्याच ताटात परत येऊ शकते.

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकारासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावरील ज्वलनासाठी २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा सोपा उपाय आपल्या हाती आहे. पालापाचोळा माडाच्या व केळीच्या बुंध्याशी पसरून ठेवावा. त्याने मातीतील ओल टिकते आणि पाणी कमी घालावे लागते. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी खड्ड्यात सुका पाला आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांचे एकावर एक थर द्यावेत. ओल व हवा राखली तर काही महिन्यांत उत्तम खत तयार होते. प्लास्टिक वेगळे ठेवून घंटागाडीकडे सोपवावे. चूल पेटवायची असेल तर सुकी सोडणे व झावळ्या पुरेशा आहेत, आणि शक्य असेल तेथे सौर बंब बसवल्यास तोही धूर टळतो.

२. डासांवरचा उपाय

वसईतील खाड्या, पाणथळ जागा आणि उघडी गटारे यांमुळे डास आपल्या पाचवीला पुजलेले आहेत. त्यावर घरोघरी चालणारा उपाय म्हणजे कॉइल. दारे-खिडक्या बंद करून ती रात्रभर जाळली जाते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात असे आढळले, की एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते, तेवढे कण ७५ ते १३७ सिगारेटी जळाल्यावर निघतात. ज्या घरात कोणी तंबाखूला स्पर्शही करीत नाही, त्या घरातील तान्हे बाळ हा धूर घेत झोपते, याचा आपण विचार करावयास हवा.

आपल्या आजी-आजोबांची मच्छरदाणी हा यावरील निर्धोक उपाय होय. तिला ना वीज लागते, ना ती धूर करते. तिच्या जोडीला आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणून त्याच्यापुढे मच्छरदाणी अपुरी पडते. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या हे सारे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासले, तर ही साखळी तुटते.

३. दोन पायांचे वाहन

चर्च, शाळा, दूधकेंद्र, बाजार ही ठिकाणे अनेकांच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर असतात. तरीही आपण स्कूटर काढतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. जाताना पंधरा आणि येताना पंधरा मिनिटे भरभर चाललो, आणि हे आठवड्यातून पाच दिवस केले, तर हा हिशेब बरोबर पूर्ण होतो. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मधुमेह व रक्तदाब आटोक्यात राहण्यास याची मोठी मदत होते.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही पाहू. आठवड्यातून पाच दिवस जाऊन-येऊन अडीच किलोमीटर धरले, तर वर्षाचे सुमारे ६५० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या दुचाकीला त्यासाठी १३ लिटर पेट्रोल लागते, आणि त्यातून सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय इंजिन थंड असताना धूर शुद्ध करणारे यंत्र नीट काम करीत नाही, त्यामुळे छोट्या फेऱ्या अंतराच्या मानाने अधिक प्रदूषण करतात. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे हे सांगणे नलगे.

४. भांड्यातील विवेक

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन, हॅम यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला, तर गाई-म्हशी, डुक्कर, बकरा यांच्या मांसाला ‘संभाव्य’ गटात ठेवले. याचा अर्थ सणाच्या दिवशीचे इंद्याल वर्ज्य करावे असा नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. एक किलो गोमांसामागे जगाच्या सरासरीने सुमारे १५,४०० लिटर पाणी खर्च होते, तर एक किलो कडधान्यामागे सुमारे ४,००० लिटर. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे रासायनिक खत कमी लागते. आणि त्यांतील प्रथिने व तंतू आपल्या शरीरास हितकारक आहेत. शुक्रवारच्या मांसवर्ज्य दिवशी महागडी सुरमई शोधण्याऐवजी वालाचे बिरडे किंवा मुगाची उसळ केली, तर त्या संयमाचा मूळ अर्थही टिकेल.

लग्नाच्या व नामकरणाच्या जेवणावळींत मात्र आपला विवेक सुटतो. टाकलेले अन्न कचराभूमीवर दाबले गेले की हवेअभावी कुजून मिथेन वायू सोडते, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी अधिक उष्णता धरून ठेवतो. पदार्थांची संख्या कमी ठेवणे आणि आमंत्रितांची नेमकी संख्या विचारून घेणे, यात यजमानाला कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही.

कोणी म्हणेल, महामार्गावरील ट्रक, कारखाने आणि बांधकामांची धूळ यांच्यापुढे आपल्या अंगणातील धुराची काय मातब्बरी? प्रश्न रास्त आहे, आणि त्या सर्वांना जाब विचारण्याचे काम थांबता कामा नये. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीने तो वारसा आपल्याला दिला आहे. पण दूरच्या धुराड्याचा धूर आपल्यापर्यंत येईतो बराचसा विरळ झालेला असतो. आपल्या दारातील धूर मात्र ताजा असतानाच नातवंडाच्या नाकात जातो. पहिल्यासाठी शासनदरबारी झगडावे लागते. दुसरा बंद करण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

येत्या शनिवारी अंगण झाडून झाले की पाचोळ्याच्या ढिगाजवळ काडेपेटीऐवजी फावडे न्यावे. आरंभाला एवढे पुरेसे आहे.