जेट बोटीचा भाग बदलायचा कधी?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर धावणारी वॉटर स्कूटर तुम्ही पाहिली असेल. पर्यटनाच्या धंद्यासाठी गटानं अशी जुनी गाडी घेतली, की हंगामातच कधीतरी मेकॅनिक म्हणतो, “ताई, आतलं सगळं झिजलंय, बदलून टाका.” मग काय करायचं?

आधी यंत्र समजून घेऊ. विहिरीवरचा पंप आठवा. इथंही तसंच आहे. बोटीच्या तळातून पाणी ओढलं जातं आणि आतला फिरता पंखा, म्हणजे इंपेलर, ते मागच्या तोंडातून जोरात फेकतो. त्या धक्क्यानं बोट पुढे जाते. १९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी तिथल्या उथळ नद्यांसाठी अशा बोटी घडवल्या.

इंपेलरभोवती एक कडं असतं, त्याला वेअर रिंग म्हणतात. दोघांमध्ये अगदी बारीक फट असते. वाळूमिश्रित पाणी ओढलं की दोन्ही झिजतात, फट वाढते आणि पाणी मागे निसटतं. इंजिन ओरडतं, पण बोट रेंगाळते. पेट्रोल मात्र जास्त जातं.

पण लगेच पैसे काढू नका. हीच लक्षणं जाळीत दोरी, प्लॅस्टिक किंवा शेवाळ अडकल्यावरही दिसतात. इंजिन बंद करा, चावी काढून घ्या, केस आणि ओढणी आवरा, मगच जाळी तपासा.

जाळी साफ असेल तर मेकॅनिकला फट मोजायला सांगा. फीलर गेज नावाच्या पातळ पट्ट्यांनी चार बाजूंनी मोजतात. आकडा कंपनीच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादेत असेल तर थांबा. नुसतं कडं झिजलं असेल तर तेवढंच बदला. इंपेलरच्या कडेला लहानसे टवके असतील तर जाणकार कारागीर ते घासून नीट करतो. पातं वाकलं किंवा चिरलं असेल तर मात्र तो बदलायलाच हवा.

आता हिशेब. समजा, रोज दोन लिटर पेट्रोल जास्त जातंय. लिटरला शंभर रुपये धरले, तर पंचवीस दिवसांत पाच हजार गेले. मजुरीसह कडं दहा हजारांना पडत असेल, तर दोन महिन्यांत पैसे वसूल. पण हंगाम संपायला पंधराच दिवस उरले असतील आणि झीज मर्यादेत असेल, तर काम पावसाळ्याच्या बंदीत करा.

एक गोष्ट मात्र हिशेबात धरायची नाही. या बोटीला सुकाणूचं वेगळं पातं नसतं. मागून सुटणारा पाण्याचा झोत वळवला, तरच बोट वळते. झोत गेला की वळणंही गेलं. म्हणून बेअरिंग खरखरत असेल, दांडा हलत असेल, आत पाणी शिरत असेल किंवा बोट अचानक थरथरू लागली, तर त्याच दिवशी फेऱ्या थांबवा. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, माणूस सुखरूप परतलं पाहिजे.

गटाच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहा: किती तास चालली, किती पेट्रोल लागलं, आवाज कसा होता. मग मेकॅनिक काही म्हणाला, की वही उघडून त्याच्याशी बोला.