वेग वाढवा, पण हिशेब मांडून

घरात संगणक आणायचा म्हटले की बाप विचारतो, "किती वर्षं चालेल?" आणि मुलगा विचारतो, "स्पीड किती आहे?" दोघांचेही बरोबर असते. पैसा बापाचा असतो आणि काम मुलाला करायचे असते. या दोन प्रश्नांची सांगड कशी घालावी, त्याविषयी हे चार शब्द.

खामगावकडच्या एका हमाल बांधवाचा मुलगा लग्नाच्या व्हिडिओची जुळवाजुळव करून देतो. संगणक जुना, घेतलेला. दिवाळीच्या सुमारास त्याने त्याच्या प्रोसेसरचा वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. थंडीभर काम झकास चालले. वैशाखात लग्नसराई भरात आली आणि मशीन ऐन रात्री बंद पडू लागली. गिऱ्हाइकाची उचल घेऊन झालेली, त्यात आईचे बचत गटाचे हप्ते चालू. तो म्हणाला, "काका, दिवाळीत तर रात्रभर चालत होतं, मंग आताच काय झालं?"

इंजिनिअरची भाषा बाजूला ठेवून साध्या हिशेबाने पाहू.

वेग म्हणजे काय?

प्रोसेसर ठोक्यावर काम करतो. मूळ ठोका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला एका आकड्याने गुणले जाते. १०० गुणिले ३६ म्हणजे ३६०० मेगाहर्ट्झ, अर्थात ३.६ गिगाहर्ट्झ. सेकंदाला ३६० कोटी ठोके! ३६ च्या जागी ३८ केले की झाले ओव्हरक्लॉकिंग.

मग कंपनीच का जास्त वेग देत नाही? कारण उन्हाळा असो, धूळ असो, चिप जुनी होवो, ती चाललीच पाहिजे, ही हमी तिला द्यायची असते. म्हणून थोडी शिल्लक राखलेली असते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक काढून खर्च करणे.

कधी कधी ही शिल्लक फार मोठी निघे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००-ए नावाची स्वस्त चिप काढली. तिचा मूळ ठोका ६६ चा, गुणक साडेचारचा. ठोका १०० केला की ३०० ची चिप ४५० वर धावे आणि पुष्कळ चिपा ते सहन करीत. गरिबाच्या पैशात श्रीमंताचा वेग, म्हणून जगभर तिचे नाव झाले.

पण त्याच काळात लबाडीही झाली. कमी वेगाच्या चिपेवरचा आकडा पुसायचा, मोठा छापायचा आणि महाग विकायची. आजही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असो की तालुक्याच्या दुकानातून, जुनी मशीन घेताना सीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दुकानातच चालवून चिपेचे नाव आणि वेग पाहून घ्यावा.

घाटावर आणि घाटाखाली

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. चिपेवरचा पंखा तिला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, भरपूर काम असताना चिप खोलीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापते. दिवाळीत खोलीत २५ अंश, तर चिप ८५ वर. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४२ अंश, तर चिप १०२ वर! बहुतेक चिपांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोहोचली की चिप आपणहून वेग कमी करते, आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद होते. म्हणजे वाढवलेला वेग तर गेलाच, कामही गेले.

आपल्या जिल्ह्यात तर हा फरक घराघरांत आहे. बुलढाणा शहर डोंगरावर, तिथली हवा त्यातल्या त्यात बरी. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळा भाजून काढतो. म्हणून घाटावरच्या मित्राने सांगितलेले आकडे घाटाखाली जसेच्या तसे लावू नयेत. त्यात कापसाचा मुलूख. त्या मुलाचे कॅबिनेट उघडले तर पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत रुईचा थर बसलेला. हवा जाणार कुठून?

खरा खर्च किती?

चिपेची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. उष्णता ३३ टक्के जास्त! ९० वॅटची चिप १२० वॅट ओढू लागते. रोज आठ तास भरपूर काम असेल तर महिन्याला सात युनिट जास्त.

आणि मिळकत? एक तासाचे काम फार तर साडेचौपन्न मिनिटांत होईल. ज्याचा धंदा त्यावर आहे त्याला हे परवडेल. ज्याला फक्त टायपिंग आणि अभ्यास करायचा आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. त्याने जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. फरक लगेच दिसतो आणि धोका नाही.

करायचेच असेल तर

पहिले, सोय आहे का ते पाहा. इंटेलच्या ज्या चिपेच्या नावाशेवटी 'के' आहे तिचा गुणक मोकळा असतो, पण मदरबोर्ड झेड मालिकेचा लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन चिपा मोकळ्या असतात, पण ए मालिकेच्या स्वस्त बोर्डावर ही सोय नसते. वॉरंटी बाकी असेल तर थांबा. वेग वाढवल्याने झालेले नुकसान कंपनी भरून देत नाही.

दुसरे, धूळ काढा, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, एसएमपीएस चांगल्या प्रतीचा आहे का पाहा, भिंतीच्या पॉइंटला अर्थिंग करून घ्या. मग मूळ वेगावर चिप किती तापते ते वहीत लिहा.

तिसरे, बायोसमध्ये जाऊन गुणक एकानेच वाढवा. पंधरा मिनिटे भरपूर काम देऊन पाहा. तापमान लिहा. टिकले तर पुढची पायरी. अडखळले तर एक पायरी मागे या, किंवा व्होल्टेज अगदी किंचित, ०.०१ व्होल्टने वाढवा. दोन्ही आकडे एकदम बदलू नका, नाहीतर चूक कोणाची ते कळत नाही.

मशीन सुरूच झाली नाही तर घाबरू नका. वीज काढून बोर्डावरचा बटणासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवा. बहुतेक बोर्डांवर मूळ आकडे परत येतात.

व्होल्टेजची मात्र भीती बाळगाच. विहिरीवरची मोटार कशी जळते ते आपल्याला ठाऊक आहे. २०२४ साली इंटेलने स्वतः कबूल केले की तिच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप चिपा प्रमाणाबाहेर व्होल्टेज गेल्याने अस्थिर होत आहेत. कंपनीने सुधारणा काढली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप बिघडली ती त्या सुधारणेने दुरुस्त होत नव्हती.

बंद न पडता चुकली तर?

मशीन बंद पडली तर निदान कळते. खरा धोका वेगळाच आहे. अस्थिर चिप बंद न पडता चुकीचे उत्तर देऊ शकते. बचत गटाच्या जमाखर्चात एक आकडा बदलला, मुलीच्या लग्नाचा फोटो खराब साठवला गेला, तर ते महिन्यांनी समजते.

म्हणून प्राइम९५ सारखी चाचणी लावतात. मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या एका उपक्रमासाठी हा प्रोग्रॅम झाला. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे गणित तो चिपेला घालतो आणि ताळा करून पाहतो. एक जरी चूक निघाली तरी तो वेग नापास. रॅमसाठी मेमटेस्ट आहे. ही शेवटची चाचणी काही तास चालू द्या, आणि तीही भर दुपारी, पहाटेच्या गारव्यात नव्हे. हिवाळ्यात जुळवले असेल तर उन्हाळ्यात पुन्हा तपासा. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत वेगळी ठेवा.

एकट्यावर भार किती?

वेग वाढवण्याला शेवट आहे. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ साली उष्णतेपायी सोडला आणि पुढच्या वर्षी एका चिपेत दोन मेंदू बसवले. ही वाट पुण्याच्या सी-डॅकने आधीच धरली होती. १९९१ चा परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र जोडून झाला. त्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मुरंब्याचे. एकट्याला पिळण्यापेक्षा अनेकांना जोडलेले बरे, हे यंत्रालाही लागू पडते.

त्या मुलाने रुई झाडली, नवी पेस्ट लावली, गुणक दोनने खाली आणला आणि व्होल्टेज पूर्ववत केले. मूळ वेगापेक्षा थोडा जास्त वेग त्याच्या हाती राहिला. उरलेली लग्ने त्याने वेळेवर दिली. आता मशीनशेजारी वही असते, रोजचे तापमान लिहिलेली. बाप ती वाचू शकत नाही, पण हप्ता वेळेवर जातो हे त्याला कळते.