मासे पकडायला गेले, प्लास्टिक घेऊन आले!

दोस्ता, कोकणाला लागलेला आपला अरबी समुद्र खाली केरळातल्या कोल्लमलाही लागतो. तिथे शक्तिकुळंगरा नावाचं मोठं मासेमारी बंदर आहे. तिथून ट्रॉलर निघतात. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळाशी लांबलचक जाळं ओढत नेणारी बोट. आता ओळख बघू, ते जाळं वर खेचलं की त्यात काय काय निघत असेल?

कोळंबी? बरोबर! माकुल? तेही बरोबर! आणि प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, तुटक्या चपला, जुन्या जाळ्यांचे तुकडे! हो, हेसुद्धा!

मग मच्छीमार काय करायचे? मासे ठेवायचे आणि प्लास्टिक परत समुद्रात! पण त्यांच्यावर चिडू नकोस हं. ते बंदरावर आणून द्यायचं कोणाला? घ्यायला कोणीच नव्हतं ना!

थांब, थांब! पिशवी तर पाण्यावर तरंगते. मग ती पार तळाशी कशी पोचली?

घरीच बघ की! बाटलीचा एक छोटा तुकडा मोठ्यांकडून कापून घे आणि बादलीत टाक. बुडाला! आता त्याच बाटलीचं झाकण टाक. तरंगलं! दोन्ही प्लास्टिकच, पण वेगवेगळ्या जातींचं. एक पाण्यापेक्षा जड, दुसरं हलकं.

पिशवीचं प्लास्टिकही हलकंच. पण समुद्रात तिच्यावर आधी शेवाळ चढतं. मग इवले इवले जीव येऊन चिकटतात. ओझं वाढत जातं, वाढत जातं आणि एक दिवस पिशवी सगळ्या भाडेकरूंसकट खाली जाते!

या शेवाळाची आणखी एक करामत आहे, आणि तिचं मला फार वाईट वाटतं. त्याच्यामुळे प्लास्टिकला चक्क खाण्याचा वास येतो! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हे कसं दाखवलं, माहितेय? त्यांनी १५ समुद्री कासवांना वेगवेगळे वास दिले. स्वच्छ प्लास्टिकच्या वासाकडे कासवांनी लक्षच दिलं नाही. पण समुद्रात राहून शेवाळलेल्या प्लास्टिकचा वास आला मात्र, नाकपुड्या पाण्याबाहेर काढून ती हुंगतच राहिली! खऱ्या खाण्याच्या वासालाही ती अगदी तश्शीच वागली होती. बिचाऱ्यांना फरक कसा कळावा?

म्हणून तर कोल्लमची गोष्ट मला इतकी आवडते! २०१७ मध्ये केरळच्या मत्स्यव्यवसाय मंत्री होत्या जे. मर्सीकुट्टी अम्मा. त्यांनी पुढाकार घेतला आणि 'शुचित्व सागरम्' नावाचं काम सुरू झालं. युक्ती किती साधी! मच्छीमारांना पिशव्या दिल्या. जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यात भरा आणि बंदरावर आणा, पुढचं आम्ही बघतो!

आणि काय सांगू! पहिल्या १० महिन्यांतच सुमारे २५ टन प्लास्टिक समुद्राबाहेर आलं. २५ टन म्हणजे २५,००० किलो! किनारा कितीही झाडला असता तरी यातलं बरंचसं हाती लागलंच नसतं. ते होतं पाण्याच्या पोटात, आणि तिथे जातं फक्त जाळं!

बंदरावर एक गट या ढिगाची वाट बघत असतो. तो सगळा बायकांचा! त्या प्लास्टिक हातानं निवडतात, धुतात, वाळवतात. मग यंत्रात घालून त्याचा बारीक चुरा करतात. ऊन आणि खाऱ्या पाण्यानं यातलं पुष्कळसं प्लास्टिक इतकं जुनाट झालेलं असतं, की त्यातून पुन्हा बाटली-बिटली बनतच नाही.

मग चुऱ्याचं करायचं काय? रस्ता!

हो, खराखुरा डांबरी रस्ता! ही पद्धत शोधली तमिळनाडूतल्या मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन सरांनी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आईला चिक्की करताना पाहिलंयस? गरम पाक शेंगदाण्यांना कसा चहूबाजूंनी लपेटून बसतो! इथे शेंगदाण्यांच्या जागी खडी आणि पाकाच्या जागी प्लास्टिक. आधी खडी तापवतात, जवळजवळ १६० अंशांपर्यंत. पाणी १०० अंशांना उकळतं, म्हणजे बघ किती तापली असेल! तिच्यावर चुरा टाकला की तो झटकन वितळतो, पण जळत नाही. प्रत्येक खड्याला प्लास्टिकचा पातळ अंगरखा! त्यावर ओततात डांबर.

या अंगरख्याला डांबर घट्ट धरून बसतं. खडीतली बारीक बारीक छिद्रंही बुजतात. मग पावसाचं पाणी आत शिरणार कुठून? आणि पाणीच शिरलं नाही, तर खड्डे पडायलाही वेळ लागणार!