बिलिरुबिन २.४ आलं आणि घरात तिखट बंद झालं

आजचा भाग माझ्याच रिपोर्टवर.

मागच्या नवरात्रात मी नऊ दिवस उपवास धरला. दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी नव्या नोकरीची मेडिकल. रिपोर्ट मोबाइलवर आला. टोटल बिलिरुबिन २.४, समोर ठळक ‘हाय’. नॉर्मल १.२ पर्यंत. आई म्हणाली, “अरे, ही कावीळच!” झालं, तेल-तिखट बंद, उसाचा रस सुरू, आणि मामा गावाहून झाडपाल्याचं औषध आणायला निघाले. मला वाटलं, नोकरी गेली.

डॉक्टरांनी मात्र रिपोर्टच्या बाकीच्या ओळी आधी वाचल्या. आपणही वाचूया.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की पिवळं बिलिरुबिन तयार होतं. लिव्हर त्याला पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. त्याआधीचं ते ‘इनडायरेक्ट’, नंतरचं ‘डायरेक्ट’. माझं बहुतेक सगळं इनडायरेक्ट होतं. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल, म्हणजे लिव्हरला सूज नाही, पित्ताची वाट मोकळी. हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट काउंटही ठीक, म्हणजे पेशी जास्त वेगानं मोडत नाहीत.

मग उरतो गिल्बर्ट सिंड्रोम. फ्रान्सच्या ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात लिव्हरमधलं एक एन्झाइम जन्मापासूनच कमी, साधारण ३० टक्के, काम करतं. उपास, कमी पाणी, ताप, जागरण, अति व्यायाम झाला की आकडा वर जातो, मग आपोआप उतरतो. लिव्हर खराब होत नाही, औषध लागत नाही, पथ्य नाही. उलट काविळीवरचा अनोळखी झाडपालाच चांगल्या लिव्हरला इजा करू शकतो. मामांना अर्ध्या वाटेतून परत बोलावलं!

दोन आठवडे नीट जेवून पुन्हा तपासलं: १.५. डॉक्टरांनी पत्र दिलं, नोकरी मिळाली.

पण एक लक्षात ठेवा. लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, ताप, पोटदुखी, किंवा डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं असेल, तर ‘गिल्बर्ट असेल’ म्हणून बसू नका, लगेच दाखवा. आणि गिल्बर्ट असल्याचं प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा, कारण काही मोजक्या औषधांचा डोस त्यावर ठरतो.

बाकी, एका आकड्यावरून आजार ठरत नाही. पूर्ण रिपोर्ट वाचा, वेळेवर जेवा. भेटू पुढच्या भागात!