मोटारचालकाचा परवाना आणि शेतकऱ्याचा माल

आपल्या मासिकांत बियाणें, खतें व बाजारभाव यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु पिकलेला माल बाजारपेठेपर्यंत नेणाऱ्या चालकाविषयीं फारसें लिहिलें जात नाहीं. त्याचा परवाना गेला तर माल खळ्यांतच अडकतो, हें गेल्या हंगामांत आमच्या गांवीं दिसून आलें. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

गांवांतील एक टेंपोचालक कांदा भरून बाजार समितीकडे जात असे. निघतांना पोत्यांवर चारसहा मजूरही बसवून घेई. एके दिवशीं वाटेंत तपासणी झाली व दंड झाला. पुढें परिवहन कार्यालयाची नोटीस आली, ती त्यानें फळीवर ठेवून दिली. दंड भरला, आतां प्रकरण मिटलें, अशी त्याची समजूत. मुदत टळली आणि तीन महिने परवाना निलंबित झाल्याचा हुकूम हातीं पडला. ऐन हंगामांत गाडी दारांत उभी राहिली. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं अशीं किती तरी प्रकरणें पाहिलीं, कीं ज्यांत मनुष्य मूळ चुकीपेक्षां नोटिशीस उत्तर न दिल्यामुळें अधिक बुडाला.

दंड होणें व परवाना जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १९ अन्वयें परवाना अधिकाऱ्यास चालकाचें म्हणणें ऐकून घेऊन त्याला ठराविक मुदतीपुरतें अपात्र ठरवितां येतें, किंवा परवाना अजीबात रद्द करतां येतो. कलम २० अन्वयें न्यायालयासही तसा अधिकार आहे. मद्यपान करून वाहन चालविल्याचा अपराध शाबीत झाल्यास निदान सहा महिन्यांची अपात्रता ठरलेलीच. २०१९ च्या दुरुस्तीनें अतिवेग, धोकादायक चालविणें, मद्यपान इत्यादि अपराधांत पोलिसांनीं परवाना ताब्यांत घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवावा, असें ठरविलें. अशा प्रकरणीं पहिल्या वेळीं तीन महिने अपात्रता व पुन्हां तोच प्रसंग आल्यास परवाना रद्द, असा क्रम आहे. जप्तीची पावती मिळते. परंतु त्या पावतीवर गाडी चालवितां येत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनें २०१५ सालीं राज्यांस कळविलें कीं, सहा अपराधांबद्दल परवाना निदान तीन महिने निलंबित करावा. अतिवेग, लाल दिवा ओलांडणें, मद्यपान करून चालविणें, चालवितांना मोबाइल वापरणें, मालवाहू गाडींत जास्त भार भरणें आणि मालवाहू गाडींत माणसें नेणें, हे ते सहा अपराध होत. यांपैकीं शेवटचे दोन आपल्याच बांधावर घडतात. “दहा पोतीं आणखी टाक,” “बायामाणसांना वर बसूं दे,” असें सांगणारे आपणच. परवाना मात्र जातो चालकाचा, आणि गाडी उलटली तर जीव जातात मजुरांचे.

निलंबनाच्या काळांत चोरून गाडी चालविणें तर फारच वाईट. कलम १८२ प्रमाणें त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शिवाय अपघात झाल्यास चालक अपात्र होता अशी हरकत विमा कंपनीस घेतां येते, व भरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येऊं शकतो. अशा एका प्रसंगांत जमीन विकण्याची पाळी येण्यास वेळ लागत नाहीं.

यास्तव चालक बंधूंनीं नोटीस येतांच तारीख पाहून जातीनें हजर व्हावें व आपलें म्हणणें लेखी देऊन पोंच घ्यावी. हुकूम अन्यायाचा वाटल्यास तो मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आंत अपील करतां येतें. ही मुदत चुकवूं नये. गाडीमालकांनीं चालक ठेवतांना त्याचा परवाना चालू आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. आणि आपण शेतकऱ्यांनीं माल भरतांना गाडीची क्षमता विचारावी व मजुरांसाठीं निराळी गाडी करावी. चार पैसे अधिक लागतील खरे. पण ते तीन महिन्यांच्या खोळंब्यापेक्षां स्वस्तच पडतील.