विश्लेषण : तांबेरा शिरल्यावर गव्हाच्या पानात काय घडते?

गव्हाच्या पानावरून बोट फिरवल्यावर विटकरी भुकटी लागली, तर शेतात तांबेरा आला आहे असे समजावे. ही भुकटी म्हणजे पक्सिनिया या बुरशीचे बीजाणू. शेजारच्या वाफ्यातले दुसरे वाण मात्र चार-दोन पिवळट ठिपक्यांवर निभावते. या फरकामागे पानातल्या विकरांचा, म्हणजेच एन्झाइमचा, मोठा वाटा असतो.

झाड प्रतिकार कसे करते?

पान काही तास ओले राहिले की बीजाणू रुजतो. त्याचा तंतू पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशीतून अन्न शोषू लागतो. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते. म्हणून प्रतिकारक वाण चाहूल लागताच बुरशीभोवतीच्या स्वतःच्या मोजक्या पेशी मारून तिची उपासमार करते. त्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ते वापरून पेरॉक्सिडेज हे विकर पेशीभित्तिकेत लिग्निन घट्ट बसवते. लाकडाला कडकपणा देणारा हाच पदार्थ. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज बुरशीला जाचक संयुगे बनवते. चिरलेले वांगे काळे पडते, ते याच विकरामुळे. कायटिनेज तर थेट बुरशीची भिंत कापते. या भिंतीत खेकड्याच्या कवचात असते तेच कायटिन असते. गव्हाच्या भिंतीत ते नसल्याने झाडाला इजा होत नाही.

मग रोग पडतोच का?

विकरे बळी पडणाऱ्या वाणातही वाढतात, पण बहुधा उशिरा. तोवर बुरशी पसरलेली असते. त्यामुळे रोगट पानात पेरॉक्सिडेज जास्त आढळले म्हणून वाण प्रतिकारक ठरत नाही. लागण झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ते किती झपाट्याने वाढले, हे पाहावे लागते.

महाराष्ट्राला धोका कुठून?

काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत तग धरतात आणि वाऱ्याबरोबर उत्तरेकडे येतात. महाबळेश्वरला गहू तांबेऱ्यासाठी खास संशोधन केंद्र आहे.

प्रतिकारक वाणही कायमचे सुरक्षित नसते. युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या ‘युजी९९’ या वंशाने जगभर भरवशाचे ठरलेले ‘एसआर३१’ हे जनुक निकामी केले. झाडाकडे विकरे होतीच. या बुरशीला ओळखणारी यंत्रणाच फसली. त्यामुळे पैदासकार आता एकाच वाणात अनेक प्रतिकारक जनुके एकत्र आणतात.