परसबागेतील फळझाडे : बी कोणाचे, केव्हा आणि कसे लावावे ?

खेड्यातील घराच्या मागील बाजूस थोडीबहुत मोकळी जागा असतेच. मोरीचे सांडपाणी तिकडे वाहते, चुलीतील राख आणि गोठ्यातील केरही तिकडेच पडतो. अशा जागेत पाचसहा फळझाडे सहज वाढू शकतात. ज्या कुटुंबास बागाईत शेती नाही, किंबहुना स्वतःची शेतजमीनही नाही, त्यासही ती लावता येतात. शेवग्याचा पाला, पपई, लिंबू आणि सीताफळ ही घरचीच मिळू लागली म्हणजे मुलांच्या आहारातील जीवनसत्त्वांची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते आणि त्यासाठी बाजारात पैसा मोजावा लागत नाही.

तथापि, परसातील बहुतेक झाडे ही विचारपूर्वक निवडलेल्या बियांची नसतात. उकिरड्यावर टाकलेली कोय रुजते, न्हाणीच्या पाण्यावर पपई उगवते आणि उगवलेले उपटू नये म्हणून ती तशीच ठेवली जाते. पपईच्या बाबतीत या दुर्लक्षाने फार तर एक वर्ष वाया जाते. फणस, जांभूळ किंवा कोकम यांच्या बाबतीत मात्र सातआठ वर्षे पाणी घातल्यावर झाड निरुपयोगी असल्याचे कळते, आणि तोपर्यंत परसातील एकुलती एक चांगली जागा त्याने अडवलेली असते. बी फुकट मिळते. त्यामागची वर्षे फुकट मिळत नाहीत. म्हणून बी जमिनीत घालण्यापूर्वीच दोन प्रश्नांचा विचार केला पाहिजे. बी वाळवून ठेवावे की ओलेच लावावे, हा पहिला प्रश्न. आणि त्या बीपासून येणारे झाड मूळ झाडासारखे निघेल काय, हा दुसरा.

वाळवावयाचे बी आणि ओले बी

ज्वारी, तूर यांचे बी आपण कडक वाळवून ठेवतो. त्यामुळे सर्वच बी वाळवून ठेवावे असा समज होतो. फळझाडांच्या बाबतीत हा समज घातक ठरतो. आंबा, फणस, जांभूळ, कोकम आणि कढीपत्ता यांच्या बियांत पाण्याचा अंश पुष्कळ असतो व तो कमी झाला की आतील अंकुर मरतो. असे बी बाहेरून धडधाकट दिसते, परंतु उगवत नाही. जांभळाचे बी साधारणतः दोन आठवड्यांच्या आत व फणसाची आठळी महिन्याच्या आत लावावी. शक्य तर फळ खाल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी लावावी हे उत्तम. कागदी लिंबाचे बीही ताजेच लावावे. चार दिवस थांबणे भागच असेल तर बी धुऊन, ओलसर रेतीत किंवा ओलसर भुशात, सावलीत ठेवावे. ते उन्हात कधीही पसरू नये.

याउलट पपई, शेवगा, सीताफळ, चिंच आणि आवळा यांचे बी स्वच्छ करून सावलीत वाळवावे व कोरड्या डब्यात ठेवून पुढील हंगामात वापरावे. पपईच्या बीवर जे बुळबुळीत आवरण असते ते उगवणीस अडथळा करते. ते राखेत चोळून काढावे, बी धुवावे आणि मग सुकवावे.

मूळ झाडाचा गुण किती उतरतो ?

बहुतेक फळझाडांत परागीकरण दुसऱ्या झाडाच्या परागाने होते. त्यामुळे बीमध्ये दोन झाडांचे गुण एकत्र येतात आणि रोप आईसारखेच निघेल असा भरवसा देता येत नाही. हापूस आंब्याची कोय लावून हापूस मिळत नाही, याचे कारण हेच होय. उत्तम काप्या फणसाची आठळी लावली तरी झाड बरके निघू शकते.

मात्र काही झाडांत निसर्गाने वेगळी सोय केली आहे. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन किंवा तीन अंकुर निघतात. त्यांपैकी एखादा परागसंयोगापासून झालेला असतो. बाकीचे मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झालेले असल्याने ते तंतोतंत आईचे गुण घेऊन येतात. आंब्यातही दक्षिणेकडील ओलूर, वेल्लईकोलंबन यांसारख्या काही जाती अशाच आहेत. हापूस त्यांपैकी नव्हे.

बीपासूनच लावावीत अशी झाडे

कागदी लिंबू : निरोगी, नियमित फळणाऱ्या आणि खैऱ्या रोगाचे डाग नसलेल्या झाडाची पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. बी काढून धुवावे आणि लगेच अर्धा इंच खोल पेरावे. दोनतीन आठवड्यांत उगवण होते. रोपे चार बोटे उंच झाली म्हणजे वाफ्यावर नजर टाकावी. बहुतेक रोपे एकसारखी दिसतील. ती आईच्या पेशींपासून झालेली होत. जी फारच खुजी, वेड्यावाकड्या पानांची किंवा इतरांहून अगदी निराळी असतील ती निर्दयपणे उपटून टाकावीत. या एका कामावर पुढील वीस वर्षांचे उत्पन्न अवलंबून असते. लिंबास पाणी साचणारी भारी काळी जमीन मानवत नाही. तेथे बुंध्यातून डिंक वाहू लागतो व झाड वाळते. चौथ्या-पाचव्या वर्षी फळे धरू लागतात.

पपई : एका खड्ड्यात तीन रोपे लावावीत. चार ते सहा महिन्यांत फुले येतात. लांब लोंबत्या देठावर झुपक्यांनी फुले आली तर ते झाड नर समजावे. खोडालगत एकेकटे, मोठे फूल आले तर ते मादी होय. खड्ड्यात एकच मादी झाड ठेवून बाकीची काढावीत. परंतु दहा झाडांमागे एखादे नर झाड परागासाठी राखावे. काही सुधारित जातींत मादी आणि उभयलिंगी अशी दोनच प्रकारची झाडे येतात. त्यांत नर झाडाची गरज नसते. पपईच्या बुंध्याशी एक दिवसही पाणी साचू देऊ नये, खोड कुजते. पानांवर पिवळट नक्षी उमटून फळांवर वर्तुळे दिसू लागली तर तो विषाणूजन्य रोग समजावा. तो माव्यामार्फत पसरतो आणि त्यावर औषध नाही. असे झाड त्वरित उपटून नष्ट करावे.

शेवगा : पूर्वी शेवगा फांदीपासूनच लावीत. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे निघालेली पी.के.एम.-१ ही जात बियांपासून लावतात आणि ती सहा ते आठ महिन्यांत शेंगा देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण रुचिरा’ ही जातही प्रसिद्ध आहे. खड्ड्यात दोन बिया एक इंच खोल लावाव्यात. आठदहा दिवसांत त्या उगवतात. झाड तीन फूट उंच झाले की शेंडा खुडावा, नाहीतर शेंगा हाताच्या टप्प्याबाहेर जातात. फांद्या ठिसूळ असल्याने झाड घराच्या छपराजवळ लावू नये. कोवळ्या पाल्याची भाजी अवश्य करावी. कॅल्शियम, लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांचा तो उत्तम साठा आहे.

सीताफळ : हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पाण्यात येणारे हे फळ कोरडवाहू गावातील परसासाठी सर्वांत योग्य होय. मोठे, गरभरीत आणि कमी बियांचे फळ देणारे झाड हेरून त्याचे बी राखावे. बी कठीण असते. एक दिवस पाण्यात भिजवून लावावे. उगवणीस महिना-दीड महिना लागला तरी वाफा मोडू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळे येतात. या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते. उवांसाठी ती केसांस लावण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी, आणि बी मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

नारळ : माडाची लागण सर्वत्र बियाण्याच्या नारळापासूनच होते, म्हणून मातृवृक्षाची निवड येथे सर्वांहून महत्त्वाची. वीस वर्षांवरील, वर्षास ऐंशीहून अधिक नारळ नियमित देणारा, गोल भरदार शेंड्याचा आणि आखूड, जाड देठांचा माड निवडावा. नारळ पूर्ण पक्व, म्हणजे बारा महिन्यांचा असावा. हलवून पाहता आतील पाणी वाजत नसल्यास तो बियाण्यास घेऊ नये. सोडण न काढता नारळ रेतीमिश्रित वाफ्यात एकेक फुटावर पुरावेत आणि वरचा भाग उघडा ठेवावा. जे आधी कोंबतात त्यांचे माड जोमदार होतात. पाच महिन्यांत न कोंबलेले नारळ काढून टाकावेत. नऊ ते बारा महिन्यांचे, सहा ते आठ पानांचे, बुंध्याशी जाड असे रोप लागणीस घ्यावे. किनारपट्टीवर, अथवा बारमाही पाणी असेल तेथेच नारळ लावावा.

बीपासून खुंट, वर कलम

आंबा, फणस, जांभूळ आणि कोकम यांचे बी लावण्यास हरकत नाही. परंतु ते खुंटासाठी लावावे. यांपैकी कोकमाचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. कोकमात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून आलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात. नर कोणते व मादी कोणती हे फुले येईपर्यंत, म्हणजे सहासात वर्षे, कळत नाही. परसात दोनच रोपे लावली तर दोन्ही नर निघण्याचा संभव चारांत एक एवढा असतो. ज्या कुटुंबाने सात वर्षे आमसुलाची वाट पाहिली त्याच्या दृष्टीने हा जुगारच होय. ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’ या जातीचे मादी झाडाच्या काडीचे कलम लावल्यास ही शंका उरत नाही.

आंब्याच्या बाबतीत कोकणात रूढ असलेली कोय कलमाची पद्धत घरीही करता येते. रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी जून-जुलैत ओळीने लावाव्यात. कोंब फुटून पाने तांबूस, कोवळी असतानाच, म्हणजे दहापंधरा दिवसांच्या रोपावर, चांगल्या झाडाची चारपाच महिन्यांची काडी पाचरीसारखी बसवून पट्टीने घट्ट बांधावी. एकदा जाणत्या माणसाकडून हे काम पाहून घेतले म्हणजे ते अवघड वाटत नाही. फणस व जांभूळ यांची कलमेही आता मिळतात आणि ती बीच्या झाडाहून कितीतरी लवकर फळतात.

रोपे करण्याची रीत

दोनचार झाडांसाठी मोठा वाफा करण्याचे कारण नाही. तळाशी भोके पाडलेल्या पिशव्या पुरेशा होतात. पोयट्याची माती, रेती व चाळलेले कुजके शेणखत समभाग घेऊन त्या भराव्यात. बी आपल्या जाडीच्या दुपटीहून अधिक खोल घालू नये. झारीने हलके पाणी द्यावे आणि पहिला महिना विरळ सावली करावी. फणस व जांभूळ यांचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि ते दुखावले की रोप खचते. म्हणून त्यांची आठळी किंवा बी उंच पिशवीत अथवा कायमच्या जागीच लावावे. लागणीपूर्वी पंधरा दिवस सावली हळूहळू कमी करून रोपांस उन्हाची सवय करावी.

लागण आणि पहिले दोन उन्हाळे

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. आंबा, फणस व नारळ यांस तीन फूट लांब, रुंद व खोल, लिंबू व सीताफळ यांस दोन फूट आणि पपई व शेवगा यांस दीड फूट खड्डा पुरतो. वरच्या थरातील माती व दोनतीन घमेली शेणखत यांनी तो भरावा आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावे. आंबा, फणस, जांभूळ व माड घराच्या भिंतीपासून वीस फूट तरी दूर असावेत. सांडपाण्याचा पाट माड, केळ व अळू यांकडे वळवावा. लिंबू व पपई यांच्या बुंध्याशी ते तुंबू देऊ नये.

परसातील झाडे मरतात ती बहुधा पहिल्या दोन उन्हाळ्यांत आणि शेळ्यांच्या तोंडी. लावण्यापूर्वीच काट्याचे कुंपण तयार ठेवावे. आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटे जाड थर द्यावा, परंतु तो बुंध्यास भिडू देऊ नये. मातीचे सच्छिद्र मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून आठवड्यातून एकदोनदा भरले तर थोड्या पाण्यात रोप तगते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात कलमांचा प्रसार मोठा झाला, हे इष्टच आहे. परंतु प्रत्येक गावात एखादा रायवळ आंबा, एखादा गोड कापा फणस किंवा बिनकिडीचे सीताफळ असे असते की ज्याची कीर्ती पंचक्रोशीत असते आणि ज्याचे दुसरे झाड कोठेही नसते. ती बहुतेक बीपासून उगवलेली, वृद्ध झाडे आहेत. वादळात पडल्यावर किंवा सरपणासाठी तोडल्यावर तो वाण कायमचा नाहीसा होतो; त्याची कोय लावून तो परत मिळत नाही.

यास्तव ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील अशा झाडांची एक वही ठेवावी. झाड कोणाचे, फळ केव्हा पिकते, दर वर्षी फळते की एक वर्षाआड, कीड-रोग लागतो काय, एवढ्या नोंदी पुरेत. ज्या झाडांचा गुण बीत उतरतो त्यांचे बी हंगामात गोळा करून घरोघर द्यावे, आणि ज्यांचा उतरत नाही त्यांच्या काड्या आणून खुंटावर कलमे करवून घ्यावीत. येत्या मृगात परसात जे रोप लागेल त्याचे फळ आज अंगणात खेळणारी मुले शाळेत जाऊ लागतील तेव्हा हाती येईल. ते फळ चांगले निघावे यासाठीची निवड मात्र आजच, बी हातात असतानाच, करावी लागते.